वैशाखातलं झुडूप

मे महिन्यातल्या दुपारी कण्हेरीचं पान हातात धरून बघावं. अंगणातली फरशी अनवाणी पाऊल टेकवू देत नाही, नळाची तोटी चटका देते, भिंतीवरून ऊन अंगावर येतं, आणि हे पान ताठ असतं. लांब, अरुंद, टोकाला निमुळतं. मधोमध फिकट शीर आणि तिच्यापासून दोन्ही कडांकडे गेलेल्या, अगदी लागून लागून चाललेल्या बारीक रेघा. बोटांना जाड, चिवट लागतं. पान उलटं केलं आणि जवळ चांगलं भिंग असलं तर खालच्या बाजूला बारीक खळगे दिसतात, खळग्यांत पांढुरकी लव दिसते. झाडाची श्वास घेण्याची छिद्रं त्या खळग्यांच्या आत, लवेच्या आडोशाला असतात. बाहेर कितीही भाजणारा वारा सुटला तरी त्याचा झोत छिद्रांपर्यंत थेट पोचत नाही आणि आतली ओल बेतानं खर्च होते. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलेल्या अनेकांनी या पानाचा काप ब्लेडनं काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला असतो. परीक्षा झाली की तो विसरला जातो. मला तो लातूरच्या उन्हात पुन्हा आठवला.

लातूरला माझ्या आत्याचं घर आहे. मागेपुढे थोडी मोकळी जागा, माती काळी, कसदार आणि तेवढीच हट्टी. पावसाळ्यात ती फुगते, चपलांना गोळ्यांनी चिकटते, पाणी दिवसच्या दिवस धरून ठेवते. उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. झाडाची बारीक मुळं या फुगण्या-आक्रसण्यात दर वर्षी तुटतात. आत्या मूळची कोकणातली. आमच्या घराच्या गडग्याला लागून लाल एक्झोरा होता, कुणी कधी खत घातलं नाही की पाणी दिलं नाही, तरी बारा महिने गुच्छांनी लगडलेला. लग्नानंतर काही वर्षांनी तिनं त्याचं रोप हौसेनं लातूरला नेलं. ते रुजलं, एक पावसाळा बरं दिसलं आणि मग पिवळं पडत गेलं. शिरा हिरव्या, मधलं पान पिवळं. शेणखत घातलं, सावली केली, काही उपयोग झाला नाही. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी असते, एक्झोऱ्याला तीच मानवते. लातूरच्या काळ्या मातीत चुना जास्त, त्यामुळे जमिनीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. अनंताचंही पुढे तेच झालं. एका ठिकाणी अजिबात लक्ष न देता वाढणारं झुडूप दुसरीकडे जिवापाड जपूनही टिकत नाही, हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. काटक झाड हा शब्दप्रयोग तेव्हापासून मी नुसता वापरत नाही. कुठल्या मातीत काटक, कुठल्या महिन्यात काटक, हे त्याला जोडूनच यायला हवं.

2016 चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण कोरडं पडलं, नळ बंद झाले. पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होतील म्हणून जमावबंदी लावावी लागली. सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायचं ठरलं आणि 12 एप्रिलला पहिली गाडी पोचली, 10 वाघिणींत मिळून 5 लाख लिटर पाणी घेऊन. त्या मे महिन्यात मी आत्याकडे गेले होते. जाताना पाण्याचे कॅन घेऊन जावं असं वाटत होतं, आणि बागेबद्दल विचारायचं नाही असं ठरवलं होतं.

बाग न विचारताच दिसली. पुढची हिरवळ गेली होती, तिच्या जागी भेगांचं जाळं. गुलाबांच्या काड्या उभ्या होत्या. जास्वंदीची पानं लहान होऊन कडेनं करपली होती, कळ्या उमलायच्या आधीच गळत होत्या, पण खोड जिवंत होतं. नखानं साल खरवडली की आत हिरवं दिसायचं. कोरांटीचं तर फक्त काटेरी खराटं उरलं होतं, मात्र तिची काळजी कुणीच करत नव्हतं, कारण पहिल्या पावसात ती फुटते हे सगळ्यांना माहीत असतं. तगर दुपारी माना टाकायची आणि रात्रीतून पुन्हा सावरायची. तिला भांडी विसळलेलं पाणी मिळत होतं, तेही दिवसाआड. कण्हेर होती तशी होती. फुलं नेहमीपेक्षा कमी, पण पानाला धक्का नाही.

आणि फाटकावरची बोगनवेल मात्र अशी फुलली होती की तशी मी ती आधी कधीच पाहिली नव्हती. पान दिसू नये इतका राणी रंग. बोगनवेलीचं हे असंच आहे. पाणी भरपूर मिळालं की ती पानं आणि काटे वाढवत बसते, पाणी तुटलं की रंगावर येते. रंगीत दिसतात त्या तिच्या पाकळ्या नसतातच, ती फुलाभोवतालची पानं. खरं फूल म्हणजे आतली ती बारीक पांढरी नळी. अठराव्या शतकात जगाच्या सफरीवर निघालेल्या एका फ्रेंच जहाजावरच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती ब्राझीलच्या किनाऱ्यावर दिसली, आणि त्या जहाजाच्या प्रमुखाचं, बुगनव्हिलचं, नाव तिला मिळालं. आता ती आपल्या इतक्या अंगवळणी पडली आहे की मराठीत तिची सरळ वेल होऊन गेली.

आत्याला त्या फुलण्याचा आनंद झाला नव्हता. ती अवघडली होती. समोरच्या रस्त्यावरून बायका घागरी, कॅन, लहान मुलं तांब्या-बादल्या घेऊन टँकरकडे जात, आणि आमच्या फाटकावर हा रंग. लोकांना वाटेल, ही बाई झाडांना पाणी घालते. मला फाटकाशी उभं करून म्हणाली, "अगं, येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगते, हिला पाणी नाही घातलं हो, थेंब नाही घातला. पण कुणाला खरं वाटणार?" शेवटी एका संध्याकाळी तिनं कात्री मागितली. मी दिली नाही. आम्ही दोघी बराच वेळ फाटकापाशी उभ्या राहिलो. शेजारच्या काकू कॅन घेऊन परतत होत्या. थांबल्या, कॅन खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "वहिनी, एवढं एकच बघायला बरं वाटतं बघा या गल्लीत." मग कात्रीचा विषय निघाला नाही.

त्या उन्हाळ्यानंतर मला झाडं निवडायची एकच रीत पटते. आपण रोपं आणायला जातो ते पाऊस पडल्यावर, जुलैमध्ये. पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं की उरुळी कांचनच्या आसपास रोपवाटिकाच रोपवाटिका. हिरव्या जाळीखाली, रोज पाणी मिळालेली, काळ्या पिशवीतली, प्रत्येक फांदीवर फूल असलेली रोपं. तिथलं काहीही खोटं नसतं. विकणाराही खरंच सांगतो, "बारमाही आहे ताई, सतत फुलतंय." पण जुलैत सगळंच हिरवं असतं. झुडूप निवडायचं तर वैशाखात आपल्याच गावातून पायी फिरावं आणि ज्याला कुणी पाणी घालत नाही त्याच्याकडे बघावं. एस.टी. स्टँडची मागची भिंत, पोलीस लाइन, पाटबंधारे खात्याच्या जुन्या वसाहतीची कुंपणं, ओस पडलेल्या बंगल्याचा कोपरा, गावाबाहेरच्या देवळाचं आवार. तिथे जे झुडूप पानांसकट उभं असेल ते तुमच्या मातीचं आहे. थंड देशांत बागकाम करणारी माणसं हिवाळ्यातलं गोठण बघून झुडूप पारखतात. आपल्याकडे ती पारख वैशाख करतो.

अशा फेरीत देशावर सगळ्यात जास्त वेळा भेटते ती कण्हेर. तिचं रानातलं घर म्हणजे नदीनाल्यांची खडकाळ पात्रं. भूमध्य समुद्राच्या काठापासून आपल्याकडे हिमालयाच्या पायथ्यापर्यंत ती अशा पात्रांतून वाढते, जिथे पावसात लोंढा येतो आणि नंतर कित्येक महिने नुसते गोटे तापत राहतात. मुळांना पूर ठाऊक आणि दुष्काळही ठाऊक. काळ्या मातीचा चिखल आणि काळ्या मातीच्या भेगा, दोन्ही ती सोसते याचं नवल मग वाटत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या मधल्या पट्ट्यात ती आहे, धूर खात, समोरच्या गाड्यांच्या दिव्यांचा झोत अडवत. आणि जपानमधल्या हिरोशिमाचं ते नगरपुष्प आहे. 6 ऑगस्ट 1945 ला ते शहर जळून गेलं, तिथे आता पाऊणशे वर्षं गवतही उगवणार नाही असं लोक बोलत होते. त्या राखेतून जी फुलं सुरुवातीला उमलली त्यांत कण्हेर होती. 1973 मध्ये शहरानं तिला आपलं फूल म्हणून निवडलं. एखाद्या शहरानं फूल निवडताना रूप, वास, दुर्मिळपणा यांतलं काहीच न पाहता, कोण आपल्याबरोबर राहिलं एवढंच पाहावं, ही निवड मला फार मोठी वाटते.

तिचा दुसरा गुण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कण्हेर विषारी आहे, मुळापासून फुलापर्यंत. तिच्यातलं विष थेट हृदयावर चालतं. शेळी तिला तोंड लावत नाही, म्हणून तर भिंत नसलेल्या आवारातही ती टिकते. पिवळी कण्हेर, जिच्या फळांना आपण बिट्ट्या म्हणतो, ती मूळची अमेरिकेकडली, वेगळ्या जातीची, पण विषाच्या बाबतीत तशीच. तिच्या बियांनी माणसं दगावलेली आहेत. लहानपणी बिट्ट्यांनी खेळताना मोठी माणसं ओरडायची ते उगीच नव्हतं. छाटलेल्या फांद्या जाळू नयेत, त्यांचा धूरही वाईट. घरात रांगतं मूल असेल, दारात वासरू बांधलेलं असेल, तर कण्हेर कितीही आवडत असली तरी ती अंगणात लावू नये. कुंपणापलीकडे रस्त्याच्या कडेला तिची जागा आहे.

एवढ्या विषारी पानावरही जगणारे आहेत. आत्याच्या तगरीवर मी एकदा बोटाएवढी जाड, पोपटी अळी पाहिली. डोक्याच्या मागे दोन निळे-पांढरे ठिपके. हात जवळ नेला की मान आत घेऊन ते ठिपके डोळ्यांसारखे वटारायची. कण्हेर आणि तगर या दोघींवर वाढणाऱ्या एका पतंगाची ती अळी. तिचं पोट भरलं की रंग मातकट होतो, मग ती झाडावरून उतरून पाचोळ्यात जाते आणि तिथे कोष करते. त्यातून जो पतंग निघतो त्याच्या पंखांवर हिरव्या रंगाच्या इतक्या छटा असतात की शेवाळलेल्या दगडावर बसला तर सापडू नये. आत्यानं अळी पाहिली, खाल्लेली पानं पाहिली आणि म्हणाली, "राहू दे. पावसात दुप्पट फुटेल." फुटलीही.

तगरीवर माझा जीव कण्हेरीहून जास्त आहे, हे इथे सांगून टाकते. गडद, तुकतुकीत पानं, आणि त्यांत पांढरी फुलं, पाकळ्यांना एका बाजूला हलकासा पीळ असलेली. दुहेरी तगर चुरगळल्यासारखी, भरगच्च. अर्ध्या सावलीत चालते, भिंतीच्या पूर्वेला चालते, छाटली तर कुंपण होते, सोडली तर डोक्याच्या वर जाते. दिवसा तिचा वास जाणवतही नाही, रात्री ओसरीवर बसलं की येतो. आणि फूल देण्यात तिचा हात सैल. पहाटे अजून दिसत नाही तोवर परडी, पिशवी, टोकाला तार वाकवलेली काठी घेऊन माणसं गल्लीत निघतात. पुष्कळ घरांतून त्यांच्याशी रोज भांडण होतं, कुंपणावर काचा लावल्या जातात. आत्यानं ठरवून दिलं आहे: खालच्या फांद्या घरच्या देवाला, वरच्या ज्याचा हात पोचेल त्याच्या देवाला. मला हे फार आवडतं. रोज विपुल फुलणारं झुडूप लावलं की माणसाला असं वागणं परवडतं. एकुलता एक गुलाब लावला असता तर तिनंही काचा लावल्या असत्या की काय, मला सांगता येणार नाही.

कुंतीबद्दल थोडं. पाऊस पडून गेला की आठ-दहा दिवसांत ती एकदम पांढरी होते, अख्खी गल्ली घमघमते, आणि चार दिवसांत सगळं झाडाखाली. पुन्हा पाऊस, पुन्हा तेच. बिनविषारी, दाट, कुंपणाला उत्तम. पण शेजारी संत्र्या-मोसंबीची बाग असेल तर कुंती लावू नका. मोसंबीवर रोग पसरवणारी सायला नावाची बारीक कीड कुंतीवर आनंदानं वाढते आणि तिथून बागेत शिरते. मराठवाड्यात आणि विदर्भात हे ध्यानात ठेवायलाच हवं.

आणि घाणेरी. तीही कधीकाळी कुणीतरी बागेसाठीच निवडली होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या बागेत शोभेचं झुडूप म्हणून ती आली. रंगीबेरंगी गुच्छ, वर्षभर फूल, पाण्याची मागणी नाही, गुरं खात नाहीत. आपण ज्या ज्या गुणांसाठी झुडूप शोधतो ते सगळे तिच्यात होते. पक्ष्यांनी काळी फळं खाल्ली, बिया डोंगरभर नेल्या. आज सह्याद्रीच्या कितीतरी उतारांवर तिच्याखाली गवत उगवत नाही, की करवंदाला जागा मिळत नाही. म्हणून परदेशी झुडूप आणताना त्याच्या टिकण्याबरोबर त्याचं पसरणंही बघावं. कण्हेर, तगर, जास्वंद आपापल्या जागी राहतात, कुंपण ओलांडून रानात शिरत नाहीत. त्याउलट आपल्या डोंगरातल्या अंजनीकडे मात्र आपण बागेसाठी कधी पाहिलंच नाही. महाबळेश्वर-माथेरानला उन्हाळ्याच्या तोंडाशी तिच्या गर्द हिरव्या पानांमागून फांद्यांवर जांभळट निळे झुबके फुटतात. थांबून बघत राहावं असं ते झाड. घाटमाथ्यावर किंवा कोकणात जागा असलेल्यांनी रोपवाटिकेत अंजनी मागितली पाहिजे. मागितल्याशिवाय ती कुणी तयार करणार नाही.

सदाहरित झुडपाची पानं गळत नाहीत असा एक समज आहे. आत्याच्या खराट्याला विचारावं. कण्हेरीखाली, तगरीखाली रोज सकाळी पाच-पंचवीस पिवळी पानं असतातच. पळस, पांगारा महिन्याभरात सगळं टाकतात, निष्पर्ण फांद्यांवर फुलतात, आणि सगळ्यांच्या नजरेत भरतात. ही झुडपं बारा महिने थोडं थोडं टाकतात आणि टोकाला थोडं थोडं नवं काढतात. बघणाऱ्याला ती कायम तशीच दिसतात. पानगळीवर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. या रोजच्या चार पानांबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, आणि माझ्या मते त्यात तितकंच पाहण्यासारखं आहे.

आत्याचे गुडघे आता चालू देत नाहीत. बादली उचलणं बंद झालं, मागच्या कुंड्या तिनं वाटून टाकल्या. पण फाटकावर बोगनवेल आहे, भिंतीला तगर आहे, कोपऱ्यात कण्हेर आहे, आणि खुर्ची ओसरीवर आणून ठेवली की तिला बाग आहे. पन्नाशीत लावलेली ही झुडपं पंच्याहत्तरीत तिच्याकडून काहीच मागत नाहीत. बाग आखताना आपण आपल्या धडधाकट हातांचा हिशेब धरतो. आत्याला पाहिल्यापासून मी पुढच्या, थकलेल्या हातांचा धरते. नव्या घराच्या अंगणासाठी मला कुणी विचारलं तर तोच सांगते.

तेव्हा यंदा रोपवाटिकेत जाण्याआधी गल्लीतलं तुम्हाला आवडलेलं झुडूप ज्यांच्या आवारात आहे त्यांचं दार वाजवा आणि पाऊस लागला की एक फांदी मागा. फांदीला सहसा कुणी नाही म्हणत नाही. कण्हेर, तगर, जास्वंद, बोगनवेल चौघीही फांदीवरून येतात. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, कोवळी नको आणि फार जुनीही नको; खालची पानं काढून दोन पेरं मातीत जातील अशी खोचा आणि फुटवा येईपर्यंत सावलीत ठेवा. कण्हेरीचा चीक हाताला लागला तर साबणानं नीट धुवा. आणि जमिनीत लावल्यावर पहिले दोन उन्हाळे तिला पाणी द्या. तेवढं तिला लागतंच.